बाणावर काय लिहायचं? पूर्व कोलकात्याच्या भेरींचा, म्हणजे मासळीच्या तळ्यांचा, एक अभ्यास

पर्माकल्चर म्हणजे एकमेकांच्या गरजा भागवणारे घटक जोडून शेती-वाडी आखण्याची रीत. तिच्या शिबिरात कोंबडी येणार हे ठरलेलं. फळ्यावर मधोमध कोंबडी. एका बाजूला तिच्या गरजा: दाणा, पाणी, निवारा, खडे, धुळीत लोळायला जागा, सोबतीला चार कोंबड्या. दुसऱ्या बाजूला तिच्याकडून मिळणारं: अंडी, मांस, पिसं, विष्ठा, अंगाची ऊब. खाली तिच्या सवयी: उकरणं, टोचणं, पंख फडफडवणं. ही मांडणी बिल मॉलिसनची. त्याने आणि डेव्हिड होमग्रेनने 1970 च्या दशकात टास्मानियात पर्माकल्चरची मांडणी केली. त्यातला मला सगळ्यात कामाचा वाटणारा विचार असा: एखाद्या घटकाची गरज शेजारच्या घटकाने भागवली नाही, तर ते काम आपल्या अंगावर पडतं, आणि एखाद्याचं उत्पादन कुणीच वापरलं नाही, तर त्याचं प्रदूषण होतं.

मग सगळे बाण काढायला बसतात. कोंबडीकडून आंब्याला खताचा बाण, आंब्याकडून कोंबडीला सावलीचा, मोरीकडून अळूला पाण्याचा, अळूकडून परत स्वयंपाकघरात. तासाभरात कागद भरतो आणि दिसतो फार छान. पण त्या बाणावरून नेमकं किती जाणार, केव्हा जाणार, कुठल्या उंचीवरून कुठल्या उंचीवर जाणार, त्यासोबत नको असलेलं काय काय जाणार आणि ते सोडायला-थांबवायला तिथे कोण उभं असणार, हे कुणी लिहीत नाही. अशा किती वाड्या दोन वर्षांत परत पिशवीतल्या खतावर येतात! कागद तपासला तर एकही घटक चुकीचा निघत नाही. बाण मात्र सगळे कोरे असतात.

हे वाडीच्या उदाहरणाने सांगता येईल, पण वाडीत सगळं एवढं जवळजवळ असतं की चूक हाताने सावरून घेता येते. म्हणून इथे मुद्दाम एक अवाढव्य प्रकरण घेतलं आहे. एक अख्खं शहर, त्याचं मैलापाणी आणि त्या पाण्यावर जगणारी मासळी, भाजी आणि भात. पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन. ती कुणा पर्माकल्चर डिझायनरने आखलेली नाही. मासेमारांनी, शेतकऱ्यांनी आणि भलत्याच कामासाठी कालवा खणणाऱ्या इंजिनिअरांनी मिळून ती घडवली, तीही एकमेकांशी फारशी सल्लामसलत न करता.

उतार उलटा आहे

कोलकाता हुगळीच्या काठावर आहे, तेव्हा शहराची घाण हुगळीत जात असणार असं कुणालाही वाटेल. पण हुगळीने शेकडो वर्षं गाळ टाकून टाकून स्वतःचा काठ उंच केला आहे. शहर त्या उंच काठावर बसलं आहे आणि जमीन नदीपासून लांब, पूर्वेकडे उतरत जाते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश इंजिनिअरांनी गटारं आखली ती याच उताराला धरून. पूर्वेला तेव्हा खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण तळी होती आणि पलीकडे भरती-ओहोटीची विद्याधरी नदी. घाण विद्याधरीत सोडायची आणि ओहोटीबरोबर ती समुद्राकडे जाईल, असा हिशेब.

नदीने हा हिशेब फार काळ चालू दिला नाही. विद्याधरी गाळाने भरत गेली आणि 1928 मध्ये ती मृत झाल्याचं सरकारनेच जाहीर केलं. तिच्यामार्फत येणारं खारं पाणी बंद झालं तशी तळी गोडी होत गेली. तोवर त्या तळ्यांत निमखाऱ्या पाण्यातली मासळी पिकत होती: भेटकी, म्हणजे आपल्या रायगडकरांचा जिताडा, आणि बोयसारखे मासे. खारेपणा गेला तसा तो धंदाही बसला. रिकाम्या तळ्यांचे मालक आणि शेजारून वाहणारं शहराचं मैलापाणी अशी गाठ पडली आणि 1930 च्या सुमारास कुणीतरी ते पाणी तळ्यात घेऊन त्यात रोहू-कटला वाढवून पाहिले. ते वाढले. एकाचं पाहून दुसऱ्याने केलं. या तळ्यांना बंगालीत भेरी म्हणतात.

शहराला मात्र घाण सोडायला नवी जागा हवी होतीच. डॉ. बीरेंद्रनाथ डे यांच्या आराखड्यानुसार पूर्वेला कुल्टी नदीपर्यंत कालवे खणले गेले, एक कोरड्या दिवसांतल्या मैलापाण्यासाठी आणि एक पावसाळ्याच्या पुरासाठी, आणि 1940 च्या दशकात ते चालू झाले. कालव्याचं सरकारी काम एकच: पाणी लवकरात लवकर शहराबाहेर काढणं. वाटेत मासेवाले ते पाणी वळवून घेतील ही गोष्ट त्या आराखड्याचा गाभा नव्हती. हे लक्षात ठेवावं, कारण पुढची बरीच भांडणं इथून निघतात.

आजचा आवाका सांगायचा तर राखीव ठरवलेलं क्षेत्र 12,500 हेक्टर. त्यातलं पाण्याखालचं सुमारे 5,850 हेक्टर, शेतीचं 4,700 हेक्टरच्या वर, कचऱ्यावरच्या भाजीचं सुमारे 600 हेक्टर आणि उरलेली वस्ती. भेरींची संख्या अडीचशेच्या आसपास. वर्षाला 10,000 टनांच्या घरात मासळी आणि रोज 150 टनांच्या आसपास भाजी इथून शहरात जाते, असे आकडे नेहमी दिले जातात.

कोंबडीच्या जागी शहर

आता फळ्यावर शहर काढू. त्याची गरज: स्वस्त मासे, ताजी भाजी, तांदूळ आणि घाण डोळ्यांआड होणं. त्याचं उत्पादन: मैलापाणी आणि ओला कचरा. भेरीची गरज: पाणी आणि त्यात माशांना खाद्य. तिचं उत्पादन: मासे, तळाचा गाळ आणि पुष्कळसं निवळलेलं पण अजून कस असलेलं पाणी. त्या पाण्याची गरज कुणाला? खालच्या अंगाच्या भातखाचरांना. ओल्या कचऱ्याची गरज कुणाला? शहराच्या पूर्वेला धाप्यात, कचऱ्याच्या जमिनीवर पिकवणाऱ्या भाजीवाल्यांना. त्यांना लागणारं पाणी? तेही मैलापाणीच, मधल्या लांबट खंदकांत साठवलेलं.

बाण जुळले. शिबिरात इथे टाळ्या पडतात आणि चहा येतो.

पण मैलापाणी थेट माशाच्या तळ्यात सोडलं तर मासे सकाळपर्यंत उलटे तरंगतात. मैलापाण्यात सेंद्रिय घाण भरपूर असते. ती कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू ओढून घेतात. माशाला श्वासापुरताही उरत नाही. म्हणजे शहराचं उत्पादन हे भेरीची गरज आहे हे खरं असलं, तरी ते जसं येतं तसं ते विष आहे. या दोन वाक्यांच्या मधे जे घडतं ते या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

एका तळ्याचं वर्ष

थंडीत तळं उपसून रिकामं करतात. तळ उन्हात वाळू देतात, साचलेला गाळ काढून बांधांवर चढवतात, तळ उकरून हलवतात, चुना मारतात. नको असलेले मासे राहिले असतील तर ते मोहाच्या पेंडीने मारण्याची पद्धत आहे. पेंडीचा विषारी अंश काही दिवसांत जातो आणि उरते ते खत. बांध दुरुस्त होतात, पाणी आत घ्यायची आणि बाहेर सोडायची दारं साफ होतात.

मग पहिलं मैलापाणी आत येतं. तळ्यात तेव्हा एकही मासा नसतो. दोन-तीन आठवडे ते पाणी तसंच राहू देतात, अधूनमधून ढवळतात. तळी उथळ आहेत, बहुतेक ठिकाणी कमरेइतकी किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचतं. जिवाणू घाण फोडतात. त्यातून अमोनिया, फॉस्फेट आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे तिन्ही शेवाळाचं खाणं. उन्हात शेवाळ वाढतं आणि प्राणवायू सोडतं. तो प्राणवायू परत जिवाणूंना. काळं पाणी हिरवं होत जातं. भरदिवसा शेवाळ जोरात असलं की पाण्याचा सामू (पीएच) चढतो, आणि तो व ऊन मिळून आतड्यांतले रोगजंतू मारतात. या तळ्यांत जैविक प्राणवायूची मागणी (बीओडी), म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, 80 टक्क्यांहून जास्त उतरते आणि कोलिफॉर्म जिवाणू 99 टक्क्यांहून अधिक कमी होतात, असं मोजमाप सांगतं. याला ना वीज लागते ना यंत्र. लागतं ते ऊन, उथळपणा आणि वेळ.

पाणी तयार झालं की नाही हे कसं ओळखायचं? रंगावरून, वासावरून आणि शेवटी माशावरून. आधी थोडे मासे सोडून बघतात. ते तगले तर मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं.

मासेही एकाच जातीचे नाहीत. सिल्व्हर कार्प पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो. कटला वरच्या थरात प्राणी-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी कुजका भाग चिवडतो. तिलापिया समोर येईल ते. हे पोटापुरतं वाटून घेणं झालंच, पण शेवाळाला आवर घालायला हे मासे हवेतच. शेवाळ माजलं तर ते दिवसा प्राणवायू देतं खरं, पण रात्री स्वतःच ओढतं, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून येतात. म्हणजे बाण दोन्हीकडून आहे: शेवाळ माशाचं अन्न आणि मासा शेवाळाचा पहारेकरी. यातलं एक काढलं की दुसरं बिघडतं.

यानंतर वर्षभर मैलापाणी थोड्या थोड्या हप्त्यांनी आत घेत राहतात. किती घ्यायचं हे आकाश, हंगाम आणि पाण्याचा रंग पाहून. ढगाळ दिवसांत हात आखडता. मासे पहाटे वर येऊ लागले तर दार बंद. मासेमारीही एकदम नाही. लहान आकाराचे मासे वारंवार काढायचे आणि नवी बोटुकली वारंवार सोडायची. त्यामुळे तळ्यातलं तोंडांचं प्रमाण आणि येणाऱ्या अन्नाचं प्रमाण यांचा मेळ सतत राखला जातो.

बांधाच्या कडेने जलपर्णीचा पट्टा असतो, तोही मुद्दाम ठेवलेला आणि बांबूने अडवून धरलेला. जलपर्णी म्हटलं की आपल्याकडे उजनी किंवा मुळा-मुठा आठवते आणि कपाळाला हात जातो. इथे ती मापात ठेवली आहे. मोठ्या तळ्यांत वाऱ्याने लाटा उठतात आणि मातीचे बांध खातात. जलपर्णी त्या लाटा मोडते. कडक उन्हात तिच्याखाली माशांना सावली मिळते. तिची मुळं पाण्यातले काही जड धातू धरून ठेवतात. आणि रात्री जाळं टाकायला येणाऱ्या चोराला कडेने जाळं ओढणं कठीण जातं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात आवडतं, कारण ते कुठल्याही आकृतीत सापडणार नाही. मासेचोरी ही भेरींची खरी डोकेदुखी आहे आणि रात्रीच्या राखणदारीवर मोठा खर्च होतो.

बानतल्याचं दार

आता उंची. शहराचं मैलापाणी पामर ब्रिज, बालीगंज अशा ठिकाणचे पंप उचलून कालव्यात टाकतात. पुढे ते आपल्या उताराने वाहतं. पण कालव्यातली पातळी भेरीच्या पातळीपेक्षा वर असेल तरच पाणी पंपाशिवाय भेरीत शिरणार. ही पातळी वर धरून ठेवणारी दारं बानतल्याला आहेत. दारं पाडली की मागे पाणी चढतं आणि उपकालव्यांतून भेरींकडे वळतं. दारं उचलली की सगळं सरळ कुल्टीकडे.

दार एक आणि मागण्या दोन. पाणी निचरा करणाऱ्या खात्याला, विशेषतः पावसाळ्यात, कालवा रिकामा हवा, म्हणजे शहरात पाणी तुंबणार नाही. मासेवाल्यांना, विशेषतः कोरड्या दिवसांत, कालवा चढलेला हवा. एकाच वस्तूची पातळी दोघांना उलटसुलट हवी. आणि ज्याच्या हाती दार आहे त्याच्या कामाच्या व्याख्येत मासे नाहीत. शहर तुंबलं तर त्याला जाब विचारतील. मासे मेले तर कुणी विचारणार नाही. कालव्यांत गाळ साठतो तसा हा पेच आणखी घट्ट होतो, कारण गाळाने उपकालवे उथळ झाले की तितकंच पाणी आत घ्यायला पातळी आणखी वर धरावी लागते.

आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाणी फिरवायला पाटकरी असतो, आणि तो गावाने नेमलेला, ज्यांना पाणी लागतं त्यांनाच जबाबदार असलेला माणूस. बंधारा, पाट, फड हे सगळं चित्रात दिसतं. पाटकरी दिसत नाही, पण तो नसला तर पहिल्याच उन्हाळ्यात डोकी फुटतील. बानतल्याच्या दाराला असा भेरीवाल्यांचा पाटकरी नाही. या प्रकरणातला सगळ्यात कच्चा दुवा माझ्या मते हा आहे, प्रदूषणापेक्षाही.

त्यातच सगळी भिस्त एका वाटेवर. एका गरजेसाठी दोन-तीन पुरवठे हवेत हे पर्माकल्चरचं जुनं सांगणं. इथे हजारो हेक्टर पाण्याला अन्न देणारा कालवा एक आणि पातळी धरणारी जागा एक.

धाप्याची भाजी

धाप्याची गोष्ट मासळीपेक्षा जुनी. एकोणिसाव्या शतकात शहराने कचरा टाकायला पूर्वेला एक चौरस मैल जमीन घेतली आणि 1880 च्या सुमारास ती भाजी पिकवण्यासाठी पट्ट्याने दिली. कचरा पसरून कुजलेल्या जमिनीचे पट्टे आणि मधे मैलापाण्याचे लांबट खंदक, आलटूनपालटून. फुलकोबी, वांगी, पालक, मका. शहराच्या स्वयंपाकघरातून निघालेली सालं काही महिन्यांनी फुलकोबी होऊन त्याच स्वयंपाकघरात.

हे शंभर वर्षं चाललं, कारण शंभर वर्षं कचरा म्हणजे सालं, राख, शेण आणि माती होती. मग कचरा बदलला. प्लास्टिक आलं, काच आली, बॅटऱ्या आल्या, औषधांची पाकिटं आली. बाण तोच राहिला; बाणावरून येणारा माल बदलला. शेतकऱ्याला निवडून काढायचं काम पडलं आणि निवडूनही सगळं निघत नाही. धाप्याचा एक भाग आता नुसता कचऱ्याचा डोंगर आहे. शहराने काही ठरवून हा दुवा तोडला नाही. लोकांनी दुधाची पिशवी घ्यायला सुरुवात केली, एवढंच.

पाण्याचंही तसंच झालं. तांग्रा, तिलजला, तोप्सिया भागात चामडं कमावण्याचे कारखाने होते आणि त्यांचं क्रोमियम असलेलं पाणी पूर्वेच्याच नाल्यांत उतरत होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डिसेंबरमध्ये त्यांना बानतल्याच्या चर्मसंकुलात हलवायला सांगितलं. शेवाळ, जिवाणू, ऊन ही सगळी टोळी घरगुती घाणीचं अन्न करू शकते. धातूचं ती काही करू शकत नाही. तो फार तर गाळात बसतो, आणि गाळ म्हणजे पुढच्या वर्षी बांधावर चढवायची माती. मैलापाणी आणि कारखान्याचं पाणी एकाच नळातून येऊ द्यायचं नाही, हा नियम कुठल्याही पुनर्वापराच्या आराखड्यात पहिल्या ओळीत हवा. एकदा मिसळल्यावर वेगळं करायचा खर्च कुणालाच परवडत नाही.

नकाशावर येण्याची लढाई

1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शहराला आपलं मैलापाणी पुढे कुठे जातं, त्याचं काय होतं, हे नीट ठाऊकच नव्हतं. राज्य सरकारातले इंजिनिअर ध्रुवज्योती घोष हे शोधायला निघाले आणि कालव्याच्या कडेने चालत भेरींपर्यंत पोचले. पुढचं सारं आयुष्य त्यांनी या पाणथळीला दिलं. 1990 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ग्लोबल 500 सन्मान मिळाला आणि 2018 मध्ये ते गेले. घोष भेरींपर्यंत पोचले तोवर पाणथळीचा मोठा तुकडा हातचा गेलेला होता: 1960 च्या दशकात हुगळीचा गाळ नळांनी आणून उत्तरेकडची तळी बुजवली आणि त्यावर सॉल्ट लेक वसवलं. 1990 च्या सुरुवातीला उरलेल्या जमिनीवर जागतिक व्यापार केंद्राचा बेत आला, तेव्हा ‘पब्लिक’ या नागरिक संघटनेने याचिका केली आणि सप्टेंबर 1992 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या न्या. उमेशचंद्र बॅनर्जी यांनी तिथे जमिनीचा वापर बदलायला मनाई केली. 2002 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागलं, 2006 मध्ये राज्याचा स्वतंत्र कायदा आला.

कायद्याने जमीन राखली जाते. पाणी सोडलं जाईलच असं कायद्यात असलं तरी दार उघडायला माणूसच लागतो, आणि पाण्याविना भेरी म्हणजे बिल्डरच्या नजरेत एक सपाट प्लॉट.

वाडीत उतरवताना

हे सगळं आपल्या दोन एकरांत कसं आणायचं? मैलापाण्यात मासे वाढवा असं मी कुणालाही सांगणार नाही. ते अनुभवाचं आणि मोठ्या पाण्याचं काम आहे. घ्यायची ती बाण भरण्याची रीत.

गोबरगॅसचं उदाहरण घ्या. आकृतीत गोठा, गॅस, स्लरी, माड-पोफळी असे बाण सगळेच काढतात. स्लरीचं तोंड बागायतीच्या वरच्या अंगाला असेल तर ती पाटाने आपोआप जाते. खालच्या अंगाला असेल तर बादल्यांनी वाहावी लागते, आणि बादल्यांनी वाहायचं काम मिरगाच्या आधीच बंद पडतं. जागा निवडताना वीतभर उंचीचा फरक बघितला असता तर पुढची वीस वर्षं सुटली असती. बानतल्याचीच गोष्ट, अंगणात.

मग वेळ. गोठा बारा महिने शेण देतो, पण आषाढात कोकणातल्या बागेला स्लरी नको असते. जमीन आधीच चिंब, घातलेलं सगळं पऱ्ह्याला वाहून जाणार. म्हणजे त्या बाणावर मधे एक खड्डा हवा, वरून झाकलेला, पालापाचोळा घालून ती स्लरी दसऱ्यापर्यंत धरून ठेवणारा. भेरीतल्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांचं काम हा खड्डा करतो: देणाऱ्याची वेळ आणि घेणाऱ्याची वेळ यांच्यातलं अंतर पोटात घेणं. कोंबडीच्या ताज्या विष्ठेचंही तेच. ती थेट बुंध्यात घातली तर मुळं जळतात. कुजवून घातली तर तेच उत्तम खत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फसलेल्या जोडण्यांत घटक बरोबर होते आणि मधला खड्डा नव्हता.

मोरीचं पाणी अळू-केळीला, ही जोडणी आपल्या आज्यांनी कुठल्याही शिबिराशिवाय केली होती. भांडी राखेने घासत तोवर ती बिनघोर चालली. आता त्या पाण्यात डिटर्जंटचं सोडियम असतं. चिकण जमिनीत ते साठत गेलं की माती कडक होते, पाणी मुरत नाही, आणि केळी पिवळी पडली की दोष केळीच्या जातीला दिला जातो. धाप्याच्या कचऱ्यात प्लास्टिक आलं तसंच हे. वरच्या टोकाला घरातल्या कुणी साबण बदलला की खालच्या टोकाचा बाण तपासायला हवा. कपड्यांचं पाणी वेगळं काढून झाडांपासून लांब नेणं, भांड्यांचं तेवढं अळूला देणं, हे एका पाइपच्या तुकड्यात होतं. पण मोरी बांधतानाच, नंतर फरशी फोडून नाही.

आणि माणूस. प्रत्येक बाणावर एक नाव लिहावं. दार कोण उघडणार, खड्डा भरला हे कोण बघणार, मासे पहाटे वर आले तर कुणाला दिसणार. नाव लिहिता येत नसेल तर तो बाण आत्ता काढू नये. गड्याचं नाव लिहायचं असेल तर त्या दुव्याचा फायदा त्याला काय, हेही शेजारी लिहावं. भेरीत दार सांभाळणाऱ्याच्या पोटाचा संबंध तळ्यातल्या माशांशी असतो, म्हणून तो पाण्याचा रंग बघतो. बानतल्याच्या दारावरच्या माणसाचा नसतो.

न काढलेला बाण

या प्रकरणाचं कौतुक करताना लोक एक गोष्ट विसरतात. कोलकात्यासारख्याच आकाराच्या शहराला मैलापाण्यासाठी यंत्रांचे प्रकल्प बांधावे लागतात, विजेची बिलं भरावी लागतात. मुंबई आपलं बरंचसं मैलापाणी वरळी आणि वांद्र्याच्या नळांतून तीन किलोमीटरहून जास्त आत समुद्रात सोडते, तेही फुकट होत नाही. कोलकात्याचं हे काम भेरीवाले करतात आणि शहर त्यांना त्याचे पैसे देत नाही. भेरीचं उत्पन्न म्हणजे मासळीचा भाव, बस्स. त्या भावातून पाणी शुद्ध करण्याची मजुरी, गाळ काढण्याचा खर्च, रात्रीची राखण, सगळं निघायचं. कालव्यातला गाळ वाढला, पाणी कमी झालं, आंध्रातला मासा बाजारात स्वस्त आला की तोल जातो. शेजारी मात्र रस्त्याला लागून असलेल्या जमिनीचा भाव चढतच असतो.

शहराकडून भेरीकडे मैलापाण्याचा बाण आहे, भेरीकडून शहराकडे मासळीचा आणि शुद्ध झालेल्या पाण्याचा आहे. या शेवटच्या सेवेच्या बदल्यात शहराकडून भेरीकडे पैशाचा बाण कुणी काढलेला नाही. महापालिकेने दर हजार लिटरमागे अगदी किरकोळ रक्कम ठरवून ती भेरींच्या सहकारी संस्थांना आणि उपकालव्यांच्या गाळ-उपशाला दिली, तरी ती यंत्रांच्या प्रकल्पापेक्षा स्वस्तच पडेल असं मला वाटतं, आणि बानतल्याच्या दारापाशी मासेवाल्यांचाही एक माणूस बसवता येईल.